टिकारामांनी गुंडाळलेले नऊशे बारा फेरे

मी एक जुनी टेस्ला कॉइल आहे, आणि मित्रांनो, आधीच कबूल करून टाकते की मी फार घाबरट आहे. माझ्या डोक्यावरून वीतभर लांबीच्या जांभळ्या ठिणग्या निघतात, म्हणून बघणाऱ्याला वाटतं, हिला कसली आली आहे भीती! पण ज्याच्या अंगात वीज खेळते त्याच्या जिवाला स्वस्थता नसते. पाऊस लागला की मला ओलीची काळजी, उन्हाळा आला की वार्निशाची. कुणी जवळ उभं राहून शिंकलं तरी माझा जीव वरखाली होतो.

जबलपूरच्या चेरीतालमध्ये मोटर वाइंडिंगचं एक लहानसं दुकान आहे. तिथल्या पत्र्याच्या कपाटावर माझा मुक्काम असतो. दुकान टिकारामांचं. जळालेले पंखे, कूलरचे पंप, पिठाच्या गिरणीच्या मोटरी त्यांच्याकडे येतात. जुनी करपलेली तार काढायची, नवी तांब्याची तार मोजून भरायची आणि वरून वार्निश पाजायचं, याला वाइंडिंग म्हणतात. टिकारामांचे वडील भंडाऱ्याकडून इकडे आले. तेव्हापासून हे घर आत मराठी बोलतं आणि ओटा उतरला की हिंदी. टिकारामांनी भरलेली मोटर परत येत नाही, असं महाराजपूरपर्यंतचे लोक म्हणत. टिकाराम स्वतः कधी तसं म्हणाले नाहीत, पण दुसरं कुणी म्हणालं की हातातलं काम थांबवून ते पुरतं ऐकून घेत.

मला जन्माला घालण्याचं खूळ त्यांच्या मुलीचं. अंजनीनं इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला होता आणि सदर भागातल्या एका इन्व्हर्टर दुरुस्तीच्या दुकानात ती कामाला जायची. दिवसभर लोकांचे इन्व्हर्टर उघडून झाले तरी तिची हौस फिटत नसे. घरी येऊन ती पुन्हा काहीतरी उघडून बसे. दोन हजार तेरा सालच्या उन्हाळ्यात तिनं ठरवलं की आपण एक टेस्ला कॉइल बनवायची, आणि तिचं वाइंडिंग बाबांकडून करून घ्यायचं.

आता या मागणीत एक गोम होती. त्याच उन्हाळ्यात टिकारामांनी भरलेल्या दोन मोटरी आठवडाभरात जळून परत आल्या होत्या. वस्तीत वीज कमी दाबानं येत होती, त्यानं जळाल्या, असं अंजनीनं वडिलांना परोपरीनं सांगितलं. ते मान डोलवत, पण त्यांना पटत नसे. त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि दुसरा डोळा धुरकट होत चालला होता. त्यांच्या मनानं घेतलं की आपला हात आता पूर्वीचा राहिला नाही. पन्नास किलोची मोटर सहज उचलणारा माणूस, पण ही शंका काही त्यांना उचलून बाजूला ठेवता येईना. त्यांना पुन्हा उभारी यावी म्हणूनच अंजनीनं माझं काम त्यांना दिलं असावं, असं मला वाटतं.

तीन इंची प्लॅस्टिकचा पाइप धुऊन, पुसून, दोन दिवस वाळवून त्यांनी वाइंडिंगच्या यंत्रावर चढवला. केसापेक्षा थोडीच जाड अशी बत्तीस गेजची तार घेतली. अंजनीनं दोनच अटी घातल्या. ती म्हणाली, "बाबा, एक फेरा दुसऱ्यावर चढला न, तर तिथंच फुटते ही. अन् वरून पेन्सिलचं निशाण बी नका लावू जी. पेन्सिलीतून करंट चालते."

टिकाराम हसले नाहीत. त्यांनी तारेचं टोक पाइपाच्या भोकातून ओवलं आणि म्हणाले, "ही जळली न अंजू, तर समज माझा हात गेला. मग मी तार खाली ठेवतो. लोकाईच्या मोटरी जाळत बसण्यात काय मतलब हाये?"

मित्रांनो, माझा जन्म झाला तो असा, दुसऱ्याचं सगळं आयुष्य पणाला लावून. अजून माझ्या अंगावर पहिला फेराही पडला नव्हता आणि माझ्या जळण्यावर एका माणसाचं दुकान टांगलेलं होतं. सांगा, मी घाबरट होणार नाही तर काय होणार!

दोन रविवार ते मला गुंडाळत होते. दर शंभर फेऱ्यांना थांबत, अंगठ्याचं नख माझ्या पाठीवरून हळूच फिरवत आणि डोळे मिटून घेत. डोळ्यांना दिसत नव्हतं ते नखाला कळायचं. नऊशे बारा फेरे झाले. एकाला एक लागून, पण एकावर एक नाही. ही गोष्ट माझ्याइतकी कुणाला ठाऊक असणार? ते सगळे फेरे मी अजून अंगावर वागवते. म्हणजे, बरेचसे.

पुढचं काम अंजनीचं. जुन्या पद्धतीच्या टेस्ला कॉइलमध्ये ठिणगीच्या फटीतून वीज झटक्यांनी सोडतात. माझ्यात ते काम दोन मोठे ट्रान्झिस्टर करतात, म्हणून माझी जात जरा नव्या वळणाची. माझ्या पायाशी जाड तारेचे सहा सैल वेढे आहेत. ट्रान्झिस्टर त्यांच्यात वीज इकडून तिकडे ढकलतात आणि त्या हेलकाव्यानं माझ्या बारीक तारेत वीज चढत जाते. हा हेलकावा सेकंदाला साडेतीन लाख वेळा होतो. झोक्याला योग्य वेळी हात लागला तरच झोका उंच जातो, तसंच माझं आहे. ती योग्य वेळ साधण्यासाठी माझ्याशेजारी तारेचा एक तुकडा उभा असतो. तो माझा हेलकावा टिपतो आणि ट्रान्झिस्टरांना कळवतो. माझ्या डोक्यावर गॅस गिझरच्या लवचिक ॲल्युमिनियम पाइपाचं कडं आहे आणि त्यावर वाइंडिंगची दोरी ओवायचं दाभण उभं केलं आहे. ठिणगी निघते ती त्या दाभणाच्या टोकातून.

पहिल्या चाचणीला टिकारामांनी आपला सिरीज बल्ब मध्ये जोडला. वाइंडिंगवाल्याची ही जुनी रीत आहे. कुठे शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि यंत्र वाचतं. बटण दाबलं. बल्ब लालसर होऊन विझला आणि बाकी काहीच झालं नाही. मी थिजले. टिकाराम पाठीमागे हात बांधून उभे होते. अंजनीनं प्लग काढला, मोठ्या कपॅसिटरांवर दुसरा बल्ब टेकवून उरलेली वीज काढून टाकली (हे ती कधी म्हणजे कधी चुकत नाही), आणि पायाच्या वेढ्यांची दोन टोकं उलटसुलट करून पाहिली. माझा झोका ती उलट्या बाजूनं ढकलत होती, एवढंच झालं होतं.

दुसऱ्यांदा बटण दाबलं तेव्हा दाभणाच्या टोकावर मुंगीएवढी जांभळी ठिणगी बसली. मग पंधरा दिवस जुळवणी चालली. पायाचे वेढे वर सरकवले की ठिणगी वाढे. फारच वर नेले की माझ्या अंगावरच चरचर होई आणि अंजनी घाईनं ते खाली घेई. नेमकी जागा सापडली तेव्हा ठिणगी वीतभर झाली. वार्निशाचा एक हात शिल्लक होता, तो नवरात्रात द्यायचं ठरलं.

ठिणगी वीतभर झाली त्याच दिवशी अंजनीनं आईला बाहेर बोलावलं. मालनबाई हात पुसत आल्या. त्यांच्या हातात तिनं एक जुनी ट्यूबलाइट दिली आणि माझ्यापासून चार पावलांवर उभं केलं. मी गुणगुणायला लागले आणि ट्यूबलाइट त्यांच्या हातात, कुठलीही तार नसताना, उजळली. मालनबाईंचा चेहरा त्या उजेडात असा काही दिसला की मला माझ्या सगळ्या काळज्यांचा घडीभर विसर पडला. त्या दिवसापासून मी त्यांच्या लेखी घरातली झाले. येताजाता त्या माझ्याकडे पाहून जात. पण मित्रांनो, अंजनीनं त्या दोन अटी वडिलांना सांगितल्या होत्या. आईला सांगायचं कुणाच्या मनातच आलं नाही.

दसरा उजाडला. दसऱ्याला या घरात हत्यारांची पूजा असते. पक्कड, कातर, गेज, हातोडी, वाइंडिंगचं यंत्र, सगळं घासूनपुसून पाटावर मांडलेलं होतं. संध्याकाळी सोनं द्यायला टिकारामांचे धंद्यातले मित्र येणार होते आणि त्यांच्यासमोर मला चालवायचं ठरलं होतं. टिकारामांनीच ते ठरवलं होतं. बऱ्याच महिन्यांनी त्यांनी स्वतःहून कुणाला काही दाखवायचं ठरवलं होतं.

सकाळी बाप-लेक आंघोळीच्या गडबडीत असताना मालनबाई हळदकुंकवाची वाटी घेऊन आल्या. सगळ्या हत्यारांना त्यांनी ओल्या बोटानं कुंकू लावलं. मग कपाटाकडे पाहिलं. सगळ्यांची पूजा व्हावी आणि मीच तेवढी उपाशी राहावी, हे त्यांना बघवलं नाही. त्यांनी मला खाली घेतलं आणि माझ्या पाठीवर कुंकवाची पाच बोटं ओढली. शेवटच्या हाताचं वार्निश दोनच दिवसांपूर्वीचं होतं, हवा दमट होती, ते अजून चिकट होतं. कुंकू त्यात रुतलं. मी आतल्या आत ओरडत होते. पण कॉइलला विजेशिवाय आवाज नसतो.

तेवढ्यात अंजनीची चाहूल लागली. काही चुकलं की काय असं वाटून मालनबाईंनी पदराचं ओलं टोक घेतलं आणि घाईनं कुंकू पुसलं. पाच बोटांची एक लांब पुसट रेघ झाली, माझ्या कमरेखालून थेट पायापर्यंत. त्यांनी मला कपाटावर तसंच ठेवलं, पाठ भिंतीकडे करून.

दिवसभर मी ती रेघ पाठीवर घेऊन बसले होते. विजेला जायला एक रेघ पुरते, मग ती पेन्सिलीची असो की ओल्या कुंकवाची, आणि मला दिसत होतं की तिला वाट मिळाली आहे. दिवेलागणीच्या सुमारास चारजण आले. त्यांत महाराजपूरला दुकान असलेले रत्नाकर होते. ते टिकारामांकडेच काम शिकले होते आणि त्यांना दादा म्हणत. खिडकी लावली, दिवा मालवला. टिकाराम म्हणाले की बटण मीच दाबतो.

ठिणगी निघाली, एक श्वासभर नाचली, आणि मग वर जायचं सोडून माझ्या पाठीवरून सापासारखी खाली उतरली. पायाच्या वेढ्यांवर आदळली. दोन्ही ट्रान्झिस्टर फटाक्यासारखे फुटले. खोलीत करपलेल्या वार्निशाचा वास भरला.

दिवा लागला. तो वास या लोकांना लहानपणापासून ओळखीचा. टिकारामांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. अंजनी म्हणत राहिली की चूक माझी आहे, पायाचे वेढे मी आज जास्त वर नेले होते. वेढे तिनं केसभरही हलवले नव्हते. तेही त्यांना कळत होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला जुन्या लुगड्यात गुंडाळून माळ्यावर टाकलं आणि कुणी उघडायचं नाही असं बजावलं. माळ्यावर मला दिसायचं काही नाही, पण ऐकू यायचं. दुकानाचं शटर उघडत नव्हतं. कुणी मोटर घेऊन आलं तर आतूनच 'बंद है भैया' असं उत्तर जायचं. मालनबाई विचारत, काहून उघडत नाही, तब्येत बरी नाही का. तर ते म्हणत, बरी आहे. त्यांनी तार खाली ठेवायची शपथ घेतली होती, हे त्या बाईला ठाऊकच नव्हतं. माझ्या अंगाला कळत होतं काय झालं ते. सांगायला तोंड नव्हतं. मित्रांनो, खरं ठाऊक असून सांगता न येणं याच्याइतकी काळजी दुसरी नाही. ती मी दहा दिवस भोगली.

अकराव्या दिवशी सकाळी रत्नाकर लोडिंग ऑटो घेऊन आले. टिकारामांनी त्यांना वाइंडिंगचं यंत्र घेऊन जायला बोलावलं होतं. रत्नाकरांची पावलं दारातच घुटमळत होती. दादा, अजून विचार करा, असं त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं. टिकाराम म्हणाले, "विचार झाला. मी बोललो होतो, जळली तर तार खाली ठेवीन. जळली. तू तरी नीट भरशील लोकाईच्या मोटरी."

यंत्र उचलल्याचा आवाज आला, आणि मग मालनबाईंचा.

"थांबा जी. नका नेऊ. दसऱ्याले मी तिले वल्या बोटानं कुंकू लावलं होतं. अंजू रागावन म्हणून पदरानं पुसलं. तवापासून मले घास गोड लागून नाही राहिला. पण तुम्ही आपल्या हाताले दोष देऊन राहिले, हे मले आत्ता समजलं."

मग अंजनी शिडीवर चढली आणि मी उजेडात आले. टिकारामांनी मला मांडीवर घेतलं आणि भिंग डोळ्याला लावलं. माझ्या पाठीवर काळी रेघ होती आणि तिच्या कडेला अजून तांबूस झाक होती. अंजनीनंही भिंगातून पाहिलं. तिच्या तोंडून निघून गेलं की बाबा, तार चांगली आहे, जळालं ते वरून जळालं.

टिकारामांच्या खांद्यांवरून ओझं उतरलेलं मी पाहिलं. पण उतरलेलं ओझं कुठे गेलं तेही मी पाहिलं. मालनबाई उंबऱ्यावर खाली बसल्या. म्हणजे मीच जाळली, दहा दिवस यांचं दुकान मीच बंद ठेवलं, असं त्या कुणाकडे न बघता म्हणत होत्या. यापुढे या दुकानातल्या एकाही वस्तूला आपण हात लावणार नाही, दिवासुद्धा लावणार नाही, असं त्यांनी सांगून टाकलं. त्या रडत नव्हत्या, म्हणून मला जास्त भीती वाटली. एका माणसाचा हात परत आला होता आणि दुसऱ्याचा चालला होता.

टिकारामांनी माझं खालचं टोक सोडवलं आणि करपलेली तार उलगडायला सुरुवात केली. दीडशेएक फेरे त्यांनी काढले असतील. मग एका जागी थांबले, नख फिरवलं, डोळे मिटले.

"हे पाह्य अंजू," ते म्हणाले. "इथं माझा एक फेरा चढला होता. कुंकू नसतं लावलं तरी फुटलीच असती."

अंजनीनं भिंग घेतलं. बराच वेळ वाकून पाहिलं. मग तिनं वर वडिलांकडे पाहिलं आणि म्हणाली, "हो बाबा. चढला आहे."

टिकारामांनी तो तारेचा तुकडाही झटकन उलगडून टाकला. "चुकला एक फेरा," ते बायकोला ऐकू जाईल असं म्हणाले. "म्हणून काय कोणी हात तोडून घेते? रत्नाकर, मशीन ठेव खाली. अन् मालन, तू इकडं ये. मले मशीनचा मोजायचा काटा दिसून नाही राहिला, फेरे तू मोज."

मालनबाई आधी उठल्या नाहीत. त्यांनी पुन्हा हाक मारली तेव्हा उठल्या, हात कोरडे पुसले, पुन्हा पुसले, आणि माझ्याजवळ बसल्या. किती उरले ते त्या मोजायला लागल्या.

दिवाळीच्या आधी अंजनीनं नवे ट्रान्झिस्टर बसवले आणि पायाचे वेढे थोडे हलवून मला पुन्हा जुळवलं. माझी ठिणगी पूर्वीपेक्षा बोटभर कमी आहे. दुकान त्यानंतर बरीच वर्षं चाललं. आता टिकाराम फार काम करत नाहीत आणि मीही वर्षाकाठी एखाद्या वेळीच उतरते. धूळ बसते, तिची मला काळजी वाटते. पण त्यात नवीन काय!

मित्रांनो, यंत्र जळलं तर आधी उघडून बघा, मग माणसाला दोष द्या. स्वतःलाही लगेच देऊ नका. आणि एखादी नाजूक वस्तू घरात आणलीत तर तिचे नियम घरातल्या सगळ्यांना सांगा, स्वयंपाकघरातल्या माणसालाही सांगा. एवढं तुम्ही कराल अशी माझी विनंती आहे.

आणखी एक विनंती आहे. माझ्या अंगावरून गेलेला एकेक फेरा मला ठाऊक आहे. टिकारामांनी नख ठेवलं होतं त्या जागी एकही फेरा चढलेला नव्हता. ज्या चुकीच्या भीतीनं ते दुकान सोडायला निघाले होते, ती चूक त्यांनी न करताच आपल्या नावावर घेतली. हे त्यांना ठाऊक आहे, अंजनीला ठाऊक आहे, आणि मला. आता तुम्हालाही सांगून बसले, आणि लगेच काळजी लागली. तुम्ही कधी चेरीतालला आलात, तर एवढं मालनबाईंना सांगू नका.